बिबिम नेंगम्योन : कोरियातील तिखट, थंड नूडल्स

कोरियन भाषेत ‘नेंग’ म्हणजे थंड, ‘म्योन’ म्हणजे नूडल्स आणि ‘बिबिम’ म्हणजे कालवलेले. तिखट, आंबटगोड मसाल्यात कालवून थंडच खाल्ला जाणारा हा पदार्थ दक्षिण कोरियात उन्हाळ्यात विशेष लोकप्रिय आहे. मात्र त्याचे मूळ उत्तरेत असून, त्याच्या प्रसारामागे युद्धकालीन विस्थापनाचा इतिहास आहे.

उत्तरेचा वारसा

नेंगम्योनचे दोन प्रकार प्रसिद्ध आहेत. प्योंगयांगच्या प्रकारात कुट्टूच्या पिठाच्या नूडल्स थंड रश्श्यात वाढल्या जातात. ‘युनेस्को’ने २०२२ मध्ये या परंपरेचा समावेश अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. हामहुंगच्या नूडल्स बटाट्याच्या स्टार्चपासून बनत. त्या बारीक व अतिशय चिवट असतात. तिखट मसाल्यात कालवलेला प्रकार मुख्यतः याच परंपरेतला मानला जातो.

कोरियन युद्धात, डिसेंबर १९५० मध्ये हामहुंगजवळील हुंगनाम बंदरातून सुमारे एक लाख नागरिकांना जहाजांतून दक्षिणेकडे हलविण्यात आले. २७ जुलै १९५३ रोजी शस्त्रसंधी झाली, परंतु सीमा बंद राहिली आणि निर्वासितांना परतता आले नाही. सोकचो शहरातील ‘अबाई’ ही त्यांचीच वस्ती होय. उत्तरेच्या बोलीत ‘अबाई’ म्हणजे वृद्ध पुरुष. गावी परतण्याच्या आशेने थांबलेल्या या लोकांनी आपली चव मात्र जपली. दक्षिणेत बटाट्याऐवजी रताळ्याचा स्टार्च वापरात आला.

साहित्य (दोन व्यक्तींसाठी)

नेंगम्योनच्या सुक्या नूडल्स ३०० ग्रॅम, कोरियन भरड तिखट ३ मोठे चमचे, गोचुजांग (मिरचीची आंबवलेली चटणी) १ मोठा चमचा, सोया सॉस १ मोठा चमचा, व्हिनेगर २ मोठे चमचे, साखर दीड मोठा चमचा, लसणाच्या ४ पाकळ्या, अर्धा नासपती, एक लहान कांदा, तिळाचे तेल १ मोठा चमचा. वर घालण्यासाठी काकडी, मुळा, नासपतीच्या फोडी, भाजलेले तीळ व उकडलेले अंडे.

कोरियन तिखट न मिळाल्यास बिया काढलेल्या काश्मिरी किंवा ब्याडगी मिरचीचे भरड तिखट चालते. तयार गोचुजांगमध्ये अनेकदा गव्हाचे पीठ असते. गहू वर्ज्य असणाऱ्यांनी वेष्टनावरील माहिती तपासावी.

कृती

१. कांदा, लसूण व अर्धा नासपती वाटून त्यात तिखट, गोचुजांग, सोया सॉस, व्हिनेगर व साखर मिसळावी. हा मसाला रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावा, म्हणजे तिखटाचा कच्चेपणा जातो.

२. मुळ्याच्या पातळ चकत्यांना मीठ, साखर व व्हिनेगर लावून अर्धा तास ठेवावे. काकडीच्या काड्या कराव्यात.

३. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी उकळून वेष्टनावर दिलेल्या वेळेपुरत्याच नूडल्स शिजवाव्यात. ही वेळ सहसा ३ ते ५ मिनिटांची असते.

४. नूडल्स तत्काळ गाळून थंड पाण्यात दोन्ही हातांनी चोळून, पाणी स्वच्छ येईपर्यंत तीन-चार वेळा धुवाव्यात. शेवटी बर्फाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळाव्यात.

५. नूडल्सवर मसाला, तिळाचे तेल, भाज्या, फळ व अर्धे अंडे ठेवावे. शाकाहारी व्यक्तींनी अंडे वगळावे. खाताना सर्व नीट कालवावे.

महत्त्वाची बाब

या पदार्थाचे यश धुण्यावर अवलंबून असते. शिजताना बाहेर आलेला स्टार्च पृष्ठभागावर राहिल्यास नूडल्स एकमेकींना चिकटतात व मसाला सर्वत्र लागत नाही. बर्फाच्या पाण्याने त्या घट्ट होतात आणि अपेक्षित चिवटपणा येतो. नूडल्स फार लांब वाटल्यास कात्रीने कापतात. उपाहारगृहांतही ही पद्धत रूढ आहे.

गव्हाच्या बारीक नूडल्स वापरल्यास जो पदार्थ तयार होतो, त्यास ‘बिबिम गुक्सू’ म्हणतात. तोही रुचकर असतो, पण त्यात नेंगम्योनचा चिवटपणा नसतो. उरलेला मसाला फ्रिजमध्ये काही दिवस टिकतो. नूडल्स मात्र आयत्या वेळीच शिजवाव्यात.