चांद्याचा परकोट
गोंडांची सत्ता म्हणजे केवळ अरण्यसत्ता, हा समज चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, परकोटापुढे टिकत नाही. परंपरेनुसार खांडक्या बल्लाळशाहाने आरंभिलेला हा दगडी तट पुढील पिढ्यांनी पूर्ण केला. जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा हे चार दरवाजे, पाच खिडक्या आणि तटाबाहेर डोकावणारे गोल बुरूज ही त्याची रचना. तटाच्या पायथ्याशी भिडलेला शत्रू अशा बुरुजावरून बाजूने टिपता येई. दरवाजांवर हत्तीला नमविणारा सिंह कोरला आहे. ते गोंडांचे राजचिन्ह होय. मे १८१८ मध्ये इंग्रजी तोफांनी तट फोडला. सत्ता गेली, परंतु नगररचनेची जाण असलेल्या राजकुळाचे हस्ताक्षर दगडात उरले. ते वाचल्याविना विदर्भाचे मध्ययुग अपुरेच राहते.