न बनवलेल्या विजेची किंमत

कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील हुपरी हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध आहे. पैंजण, जोडवी, करदोडे यांची घडण तेथे घरोघरी चालते. अशा दागिन्याच्या किमतीचे दोन भाग असतात. एक चांदीचा भाव आणि दुसरी घडणावळ. चांदीचा भाव हुपरीत ठरत नाही, तो जगाच्या बाजारात ठरतो. घडणावळीत मात्र कारागिराचा हात दिसतो. नवशिक्याला पहिला जोड घडवायला जेवढा वेळ लागतो, तेवढा शंभराव्या जोडाला लागत नाही. धातूची घटही कमी होते. कारागिरांना हे सांगावे लागत नाही. पण याच अनुभवातून अर्थशास्त्राचा एक नियम निघाला आणि आज जगाच्या ऊर्जा-धोरणात त्याला मोठे स्थान आहे. त्या नियमाचा, आणि महाराष्ट्रात विजेच्या अशाच हिशेबाला आयुष्य वाहिलेल्या एका संशोधकाचा इतिहास आपण पाहू.

दुपटीचा नियम

१९३६ साली थिओडोर राइट या अमेरिकी अभियंत्याने विमानांच्या कारखान्यातील आकडे तपासले. त्याला असे आढळले की, आजवर बनलेल्या विमानांची एकूण संख्या दुप्पट झाली की एका विमानाला लागणारे श्रम सुमारे २० टक्क्यांनी घटतात. म्हणजे १०० चे ८०, मग ६४, मग ५१. अशा दहा दुपटी झाल्या तर १०० चे जेमतेम ११ उरतात. १९६२ साली केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने ‘करता करता शिकणे’ या कल्पनेला सिद्धान्ताचे रूप दिले.

या नियमाचे आजचे सर्वांत ठळक उदाहरण सौर पॅनेलचे आहे. १९७०च्या दशकाच्या मध्याला एका वॅटच्या पॅनेलला आजच्या हिशेबाने शंभर डॉलरच्या आसपास खर्च येई. आज तो अर्ध्या डॉलरच्याही खाली आला आहे. दर दुपटीला सुमारे २० टक्के, हीच घट येथेही दिसते. गंमत अशी, की सौर घटाच्या पृष्ठभागावर दिसणाऱ्या बारीक रेषा चांदीच्या असतात. तयार झालेली वीज त्या गोळा करतात. २०२३ साली जगातील सौर उद्योगाने सुमारे सहा हजार टन चांदी वापरली. चांदीचा भाव काही शिकण्याने उतरत नाही. म्हणून उत्पादकांनी रेषा अधिकाधिक बारीक करून दर वॅटमागे लागणारी चांदी घटवली. भाव हातात नसला तरी वापर हातात असतो.

थांबावे की सुरुवात करावी?

ऊर्जेचे भविष्य मांडण्यासाठी आमच्या क्षेत्रात गणिती प्रारूपे वापरतात. लोकसंख्या, विजेची मागणी, इंधनाचे दर, यंत्रांच्या किमती असे आकडे घालायचे आणि कोणत्या मार्गाने कमीत कमी खर्चात काम भागेल ते काढायचे. जुन्या प्रारूपांत नव्या तंत्राची किंमत एकतर स्थिर धरत किंवा कॅलेंडराबरोबर आपोआप उतरते असे मानत. मग उत्तर ठरलेलेच असे: आज कोळसा जाळा, सौर ऊर्जा स्वस्त होईपर्यंत थांबा.

१९९०च्या दशकात व्हिएन्नाजवळील ‘इयासा’ या आंतरराष्ट्रीय संस्थेतील व इतर संशोधकांनी प्रारूपातच दुपटीचा नियम घातला. त्यामुळे प्रश्नाचे स्वरूप पालटले. किंमत वर्षे सरल्याने उतरत नाही, वस्तू बनवल्याने उतरते. सगळेच थांबले तर ती कधीच उतरणार नाही. म्हणून सुरुवातीला थोडे महाग घेणे हा पुढच्या पिढीसाठी शहाणपणाचा खर्च ठरू शकतो. मात्र हा नियम गुरुत्वाकर्षणासारखा अटळ नाही. अणुवीज केंद्रांचा खर्च अनेक देशांत अनुभवाबरोबर वाढतच गेला.

पुण्यातला हिशेब

आता महाराष्ट्राकडे येऊ. डिसेंबर १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ वीज कंपनीशी वीस वर्षांचा करार केला. वीज घेतली नाही तरी ठरावीक आकार द्यायचा आणि तोही डॉलरच्या दराशी बांधलेला, असे त्याचे स्वरूप होते. हा प्रकल्प आर्थिक दृष्ट्या परवडणारा नाही, असे मत जागतिक बँकेने त्याच वर्षी दिले होते. राज्याला वीज हवी आहे, मग करार वाईट कसा, असा सर्वसाधारण सूर होता.

या सुरात न मिसळता आकडे तपासणाऱ्यांत गिरीश संत हे एक होते. १९६६ साली जन्मलेले संत मुंबईच्या आयआयटीत शिकले आणि पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेचा ऊर्जा गट त्यांनी सहकाऱ्यांसह उभा केला. दाभोळ कराराचे त्यांनी केलेले विश्लेषण १९९५ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या विचारामागे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अमूल्य रेड्डी यांची दृष्टी होती. रेड्डींनी कर्नाटकासाठी दाखवून दिले होते की, लोकांना युनिटे नको असतात. त्यांना उजेड, पाणी, वारा हवा असतो. किती मेगावॅट लागतील हे विचारण्याआधी किती उजेड, किती पाणी हवे ते विचारावे. मग चांगला पंप, चांगला दिवा हाही वीज केंद्रासारखाच एक पर्याय होतो आणि दोघांची किंमत शेजारी ठेवून तुलना करता येते.

संत आणि शंतनू दीक्षित यांनी याच रीतीने महाराष्ट्रासाठी किमान खर्चाची वीज योजना मांडली, ती २००० साली प्रसिद्ध झाली. शेतीपंपांचाही त्यांनी अभ्यास केला. पंपांना मीटर नव्हते, आकारणी अश्वशक्तीवर होती. त्यामुळे चांगला पंप बसवून शेतकऱ्याचे बिल घटत नसे. शिवाय शेतीचा वापर अंदाजाने धरला जाई, म्हणून वीजगळती आणि चोरी त्याच खात्यात दडून राही.

दाभोळचे पुढे काय झाले हे सर्वांना माहीत आहे. १९९९ मध्ये तेथे वीजनिर्मिती सुरू झाली. ती मंडळाला पेलेनाशी झाली आणि २००१ च्या मध्याला प्रकल्प बंद पडला. त्याच वर्षाअखेर एन्रॉनचे दिवाळे वाजले.

पंखा आणि दिवा

पुढे संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी कल्पना मांडली. कमी वीज घेणारा पंखा महाग असतो, म्हणून तो खपत नाही. खपत नाही, म्हणून महाग राहतो. हे चक्र तोडायला कोट्यवधी ग्राहकांना सवलत वाटण्याऐवजी मोजक्या उत्पादकांना द्यावी. येथे रेड्डींचा प्रश्न आणि राइटचा नियम एकत्र आले. २०१२ साली, वयाच्या पंचेचाळिशीच्या आसपास, संत यांचे निधन झाले. पंख्यांचा कार्यक्रम रखडत चालला. छताच्या पंख्यांना तारांकन सक्तीचे व्हायला २०२३ साल उजाडले.

दिव्यांच्या बाबतीत मात्र वेग दिसला. सरकारी कंपनीने एलईडी दिव्यांची घाऊक खरेदी केली. २०१४ च्या सुरुवातीला एका दिव्याचा खरेदी दर ३१० रुपये होता, २०१६ मध्ये तो ४० रुपयांच्या आत आला. याचे सारे श्रेय भारतातील मागणीला देता येणार नाही. जगभर एलईडी स्वस्त होत होते आणि निविदांतली चुरसही मोठी होती. पण मोठ्या, खात्रीच्या मागणीविना एवढा फरक इतक्या लवकर पडला नसता.

वर्गात करून पाहा

हा हिशेब आठवीच्या विद्यार्थ्यालाही जमतो. ७५ वॅटचा पंखा रोज १२ तास, वर्षाचे ३०० दिवस चालला तर २७० युनिटे लागतात. ३० वॅटच्या पंख्याला १०८ लागतात. बचत झाली १६२ युनिटांची. समजा नवा पंखा १,५०० रुपयांनी महाग आहे आणि दहा वर्षे टिकतो. मग वाचवलेले एक युनिट ९३ पैशांना पडले. वार्षिक १० टक्के व्याज धरले तरी सुमारे दीड रुपयाला. आता घरच्या बिलावरचा दर पाहा. शिवाय तारांतली गळती २० टक्के धरली, तर घरी एक युनिट वाचले की केंद्रावर सव्वा युनिट बनवावे लागत नाही.

पुढची पायरी विद्यार्थ्यांनी गावातच करावी. हुपरीच्या मुलांनी घरी डाग घडवताना जळणारे दिवे आणि चालणारे पंखे मोजावेत. उसाच्या पट्ट्यातील मुलांनी पंप मोजावेत. वीस वर्षांच्या करारावर सही एका दिवसात होते, पण बिल वीस वर्षे घरोघरी येत राहते. सहीआधी किती वीज लागणारच नाही, हे विचारणारा नागरिक याच वर्गातून घडायचा आहे.