जालन्याची काळी जमीन आणि तिचे खत

‘जालना सोने का पालना’ ही म्हण दख्खनभर रूढ झाली ती कापसाच्या आणि बाजारपेठेच्या जोरावर. परंतु ज्या काळ्या जमिनीने हे वैभव पोसले तिला रयत काय खाऊ घालीत होती, याची विचारपूस निजामाच्या राज्यात अव्वल तालुकदारापासून गावच्या पाटील-कुलकर्ण्यापर्यंत कोणास करावीशी वाटली असेल असे दिसत नाही, कारण जमाबंदी जमिनीची प्रत पाही, उकिरडा पाहत नसे.

ही जमीन पालाशाने व चुन्याने संपन्न, पण नत्राने व सेंद्रिय द्रव्याने दरिद्री. शेणखत हाच तिचा आधार. आणि सपाट मुलखात सरपण दुर्मिळ असल्यामुळे शेणाचा मोठा हिस्सा गोवऱ्यांच्या रूपाने चुलीत जाई. उरलेसुरले खत विहिरीखालच्या बागाइतास मिळे. जिराइताच्या वाट्याला येत त्या धनगरांच्या मेंढ्या. सुगी आटोपली की कळप रानात उतरत. रात्री वाघूर, म्हणजे जाळ्याचे कुंपण, लावून धनगर ते एका तुकड्यात कोंडीत, दुसऱ्या रात्री वाघूर पुढे सरके, आणि अशा रीतीने सगळे शेत लेंड्यांनी व मुताने खतावले जाई. जाणता कुणबी त्यावर लगोलग वखराची पाळी घाली, नाहीतर खताचे सत्त्व उन्हावाऱ्यात उडून जाते हे त्याला कोणत्याही रसायनशास्त्रावाचून ठाऊक होते. मोबदला बहुधा ज्वारीत चुकता होई.

खत देऊन पीक मोजण्याची शास्त्रीय दृष्टी आपल्याकडे आली ती मुंबई इलाख्यात. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य व पुढे इलाख्याचे कृषिसंचालक झालेले डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पश्चिम भारतातील बटाट्याच्या लागवडीचा सहकाऱ्यांसह कसून अभ्यास केला. बटाटा हे या परीक्षेस फार योग्य पीक: मुळे उथळ, आयुष्य तीन-चार महिन्यांचे, त्यामुळे दिलेल्या खताचे फळ त्याच हंगामात वजनात उतरते, मात्र नत्राचा अतिरेक झाला तर पाला माजतो आणि कंद मागे पडतात. खेड-मंचरच्या शेतकऱ्याने हे पीक आपलेसे केले. जालन्याने केले नाही, आणि मला त्यात जालन्याची काही चूक दिसत नाही. पालाश मुबलक असले तरी चिकण काळीत कंद मोकळेपणी फुगत नाही, खणून काढणेही जिवावर येते. ती भुसभुशीत करायची तर शेणखत गाड्यांनी हवे, आणि नेमके तेच नव्हते.

सिंद्रीचा सरकारी रासायनिक खताचा कारखाना १९५१ साली सुरू झाला, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. परंतु पांढरे खत जिराइतात शिरले ते आपल्या गुणांवर नव्हे, बियाण्याच्या पाठीवर बसून. उंच वाढणाऱ्या गावरान ज्वारीला नत्र अधिक झाले की ती ताटात वाढे आणि वाऱ्याने लोळे. (कडब्याचा भुकेला शेतकरी ताटावर नाराज नसे, हेही खरे.) १९६४ साली सीएसएच-१ हा बुटका संकरित वाण प्रसृत झाला आणि त्याच वर्षी बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात ‘महिको’ ही बियाणे कंपनी स्थापिली, पुढे त्यांना १९९८चे जागतिक अन्न पारितोषिक मिळाले. संकरित बियाणे दर वर्षी विकत घ्यावे लागे आणि ते खादाड होते. म्हणून ज्या दुकानातून बियाण्याची पिशवी निघे, त्याच दुकानातून खताचे पोते उधारीवर निघू लागले. पूर्वी शेतकऱ्याचे देणे धनगराकडे असे आणि ते धान्याने फिटे. आता ते खातेवहीत चढले आणि रोकडीवाचून फिटेना.

१९९२च्या ऑगस्टात स्फुरद व पालाश नियंत्रणमुक्त होऊन महागले, युरिया मात्र सरकारी भावात स्वस्त राहिला, आणि शेतकऱ्याचा हात साहजिकच त्याच गोणीकडे वळला. नत्राच्या भुकेल्या काळीत तो चार दिवसांत पीक हिरवेगार करून दाखवितो, त्यामुळे त्याच्यावर अविश्वास ठेवणे कठीण. मेंढ्या अद्याप बसवतात. फक्त धनगर आता ज्वारीऐवजी रात्रीच्या हिशेबाने रोख मागतो.