बिनकिल्लीचं कुलूप आणि हॉब्सची करामत

दाराला बिनकिल्लीचं कुलूप बसवायचं, तर घरात खल चाललाय: बोटाचा ठसा की आकडे? मला आपला हॉब्स आठवतो. लंडनच्या पिकॅडिलीत ब्रामाचं कुलूप कित्येक दशकं दुकानाच्या खिडकीत पैज लावून बसलं होतं. उघडा, २०० गिनी न्या! १८५१ च्या महाप्रदर्शनासाठी आलेल्या या अमेरिकन कुलूपवाल्याने आधी चबचं नामांकित कुलूप २५ मिनिटांत उघडलं. मग ब्रामाचं; १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. चोरांना शिकवतोय म्हणून लोक खवळले. त्याचं म्हणणं, चोरांना हे आधीच ठाऊक असतं. मला पटतं बुवा! अंधारात राहतो तो घरमालकच.

म्हणून विक्रेत्याला आधी हेच विचारायचं: सेल संपले तर वापरायला जी किल्ली देता, तिचं कुलूप कसलं आहे?