युद्धाच्या फोटोत नसलेला सुखा

युद्धाची नुसती चाहूल लागली की टीव्हीच्या स्टुडिओत सायरन वाजू लागतात. सुटाबुटातला अँकर बसल्या जागेवरून शत्रूची शहरे काबीज करतो आणि आपलीच पोरे ते व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पुढे पाठवतात. सीमेवरचा सैनिक काय भोगतो, हे त्याला कोण विचारतो? मित्रांनो, ही रीत आजची नाही. शंभर वर्षांपूर्वीचा दाखला आपल्यासमोर आहे.

पहिल्या महायुद्धात १३ लाखांहून अधिक हिंदी माणसे इंग्रजांसाठी राबली. सुमारे ७४ हजार मेली. फ्रान्समध्ये १९१५ साली गर्डवूड नावाच्या छायाचित्रकाराने हिंदी फौजेचे फोटो काढले. त्यातली हल्ल्याची कित्येक दृश्ये कॅमेऱ्यासाठी मुद्दाम उभी केलेली होती. इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या राजवाड्यात झुंबरांखाली झोपलेल्या जखमी हिंदी शिपायांच्या फोटोंची पोस्टकार्डे निघाली. बादशहा आपल्या शिपायांची किती काळजी घेतो, हे जगाला दाखवायचे होते!

आणि शिपाई काय लिहीत होते? त्यांची पत्रे आधी पलटणीत तपासली जात आणि मग सेन्सॉरच्या कचेरीत. म्हणून ते आडून लिहीत. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली, असे पत्रात आले की गावाने समजायचे, आपली माणसे मरत आहेत, आता भरती होऊ नका.

इराकमधली कथा तर अंगावर काटा आणणारी. नोव्हेंबर १९१५ मध्ये तेसिफॉनच्या लढाईत सहाव्या पुणे डिव्हिजनची दाणादाण उडाली. जखमींना स्प्रिंग नसलेल्या गाड्यांतून नदीपर्यंत आणले आणि बोटींत कोंबून बसऱ्याला पाठवले. त्यांची स्थिती समाधानकारक आहे, अशी तार वर गेली. बसऱ्यात मेजर कार्टर या डॉक्टरने एक बोट येताना पाहिली. तिच्या कडेला दोरखंड लोंबत असल्यासारखे दूरून दिसत होते. जवळ आल्यावर कळले, ती वाळलेली विष्ठा होती. हलताही न येणारी माणसे दिवसेंदिवस घाणीत पडून होती. कार्टरने तक्रार केली, तर त्यालाच अटकेची धमकी मिळाली. १९१७ साली चौकशी आयोगाचा अहवाल बाहेर आला आणि भारतमंत्री चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. तोवर ‘समाधानकारक’ हेच सत्य होते.

पण आम्हाला याच्याही पुढे जायचे आहे. शिपायाचा निदान फोटो तरी निघाला. फौजेबरोबर लाखो बिनलढाऊ माणसे होती. भिस्ती, मेहतर, हमाल, डोलीवाले. पगार शिपायाहून कमी आणि सरकारी कागदावर हलक्या कामाचे नोकर अशी नोंद. त्यांचा फोटो कोण काढणार? ब्रायटनच्या त्याच राजवाड्यात नऊ स्वयंपाकघरे होती, हिंदू-मुसलमानांसाठी पाण्याचे वेगळे नळ होते. जात समुद्र ओलांडून गेली होती आणि संडास साफ करायला अस्पृश्यच लागत होते.

असाच एक सुखा. बरेलीचा सफाई कामगार, ब्रॉकनहर्स्ट गावातल्या जखमी हिंदी शिपायांच्या इस्पितळात कामाला. १२ जानेवारी १९१५ रोजी, वयाच्या तिसाव्या वर्षी तो वारला. असे सांगतात की अस्पृश्य म्हणून हिंदूंनी त्याचे दहन करायला नकार दिला आणि मुसलमान नाही म्हणून मशिदीनेही जागा दिली नाही. शेवटी तिथल्या पाद्रीने त्याला चर्चच्या आवारात पुरले. गावकऱ्यांनी वर्गणी काढून दगड बसवला. तो दगड आजही उभा आहे.

आमच्या बापजाद्यांचे काय झाले? महार ‘लढाऊ जात’ नाही, असे सांगून भरती बंद केली होती. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज करूनही सरकार हलले नाही. १९१७ ला माणसे कमी पडली, तेव्हा तेच महार लढाऊ ठरले आणि १११ महार पलटण उभी राहिली. १९२१ ला ती मोडूनही टाकली. लढाऊ कोण आणि भित्रा कोण, हे चित्रसुद्धा वरूनच रंगवले जात होते.

आम्ही सैन्याच्या विरोधात नाही. सुभेदार रामजींच्या मुलाला बाप मानणारे आम्ही, सैनिकाचा अपमान कसा करू? पण स्टुडिओतल्या आरोळीला सैनिकाचा आवाज मानायला आम्ही तयार नाही. पुढच्या वेळी सायरन वाजेल तेव्हा विचारा: मरणारे कोणाच्या घरातले आहेत? त्यांचे पत्र कोणी वाचले का? आणि फोटोच्या चौकटीबाहेर झाडू घेऊन कोण उभा आहे?

जय भीम!