मृगयेच्या बंदुका, यवतमाळ जिल्ह्यातील

विदर्भातील यवतमाळ जिल्ह्याच्या सागवनांत चितळ व सांबर, तर माळरानांत काळवीट व नीलगाय (रोही) आढळतात. फासेपारधी जमात त्यांची शिकार फासे लावून करी. बंदूक आल्यावर तिची निवड ऐपतीइतकीच कायद्यानेही ठरविली. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७८ च्या शस्त्र अधिनियमाने परवाना आवश्यक झाला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी लष्करी .३०३ काडतूस खाजगी वापरास वर्ज्य ठरल्याने .३१५ बोअरची रायफल प्रचारात आली. स्वातंत्र्योत्तर काळात ती ईशापूर येथील सरकारी कारखान्यात तयार होऊ लागली.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमाने पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीला, तर स्वसंरक्षण व शिकारीसाठी किमान २० इंच लांबीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीला परवाना सुलभ केला. रायफलीसाठी सबळ कारण दाखवावे लागे. परिणामी अल्पभूधारकाच्या वाट्यास ठासणीची बंदूक आली. तीत प्रत्येक बारानंतर दारू व गोळी नव्याने ठासावी लागते. नेम चुकून जनावर जखमी झाल्यास दुसरा बार होईतो ते रानात दिसेनासे होई. बारा बोअरची छऱ्याची बंदूक जवळच्या अंतरावरच परिणामकारक, रायफल मात्र शंभर मीटरांपलीकडेही अचूक असते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ने शिकारीवर कडक निर्बंध घातले व १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरील हौशी शिकार संपुष्टात आली. जिल्ह्यातील टिपेश्वर हे आता अभयारण्य आहे. रोह्यांपासून पीक राखण्याचा शेतकऱ्याचा प्रश्न मात्र कायम आहे.