राव कवी, अशोक

(१ जून १९४७ – ). भारतीय पत्रकार, संपादक आणि समलिंगी हक्कांच्या चळवळीचे आद्य कार्यकर्ते. ‘बॉम्बे दोस्त’ या नियतकालिकाचे आणि हमसफर ट्रस्ट या संस्थेचे संस्थापक. जन्म मुंबईचा. त्यांची ओळख बहुतेक ठिकाणी ‘कार्यकर्ते’ अशी करून दिली जाते, पण त्यांच्या कामाची घडण बातमीदाराची आहे. कागद कुठल्या टेबलावर अडतो, अधिकाऱ्याला कोणत्या भाषेत सांगितले की पटते आणि मथळा कशाचा होतो, हे वर्तमानपत्रात मुरलेल्या माणसाला माहीत असते. पुढची चळवळ त्यांनी याच जाणतेपणावर उभी केली.

मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्रातील पदवी घेतल्यावर त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू केले आणि अर्धवट सोडले. स्वतःच्या समलिंगी असण्याचा उलगडा होत नव्हता, त्या काळात ते रामकृष्ण मिशनमध्ये संन्यासमार्गाला लागले. यापासून पळू नकोस, ते समजून घे, असा सल्ला त्यांना तिथल्याच स्वामी हर्षानंदांनी दिला, आणि राव कवी मठातून बाहेर पडले. ज्या दारातून धिक्कार येईल असे कोणालाही वाटले असते, तिथून मोकळीक मिळाली. हिंदू परंपरेविषयी त्यांच्या मनात कायम राहिलेली आपुलकी ध्यानात घेताना हा प्रसंग विसरता येत नाही. पत्रकारितेचे शिक्षण त्यांनी बर्लिनमध्येही घेतले.

१९७४ साली ‘इंडियन एक्सप्रेस’मधून त्यांच्या पत्रकारितेला सुरुवात झाली. त्यानंतर मलयाळ मनोरमा समूहात काम करून १९८४ पासून ते मुंबईच्या ‘फ्री प्रेस जर्नल’चे मुख्य बातमीदार होते. या पदावर असतानाच, १९८६ साली, ‘सॅव्ही’ या इंग्रजी मासिकात त्यांची मुलाखत आली आणि तीत आपण समलिंगी असल्याचे त्यांनी स्वतःच्या नावानिशी सांगितले. त्याच मासिकात त्यांच्या आईचीही मुलाखत छापली गेली. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे ३७७ वे कलम तेव्हा जसेच्या तसे लागू होते. नाव बदलून, चेहरा लपवून बोलणारे याआधीही होते. नोकरी, पत्ता आणि आई यांच्यासह समोर आलेला माणूस वाचकांना नवा होता.

नियमित पत्रकारिता सोडून त्यांनी १९९० साली सहकाऱ्यांसोबत ‘बॉम्बे दोस्त’ सुरू केले. समलिंगी वाचकांसाठी रीतसर नोंदणी करून निघालेले हे भारतातले पहिले नियतकालिक मानले जाते. इथे ‘नोंदणी’ हा मुद्दा मोठा आहे. हातोहात फिरणारी पत्रके कोणीही काढू शकतो. सरकारदरबारी नोंद असलेला अंक मात्र टपालाने जातो, त्याला पत्ता असतो, आणि तो बंद करायचा तर कोणाला तरी कारण द्यावे लागते. सुरुवातीच्या अंकांत इंग्रजीबरोबर हिंदी मजकूरही असे. आरोग्याची माहिती, कायदा, कथा-कविता आणि वाचकांचा पत्रव्यवहार असा तो ऐवज होता. लहान गावात एकट्या पडलेल्या माणसाला यांतला पत्रव्यवहारच सर्वांत मोलाचा वाटला असणार. २००२ साली अंक थांबला. २००९ मध्ये अभिनेत्री सेलिना जेटली यांच्या हस्ते तो पुन्हा सुरू झाला.

मराठी वाचकाला इथे ‘समाजस्वास्थ्य’ आठवेल. र. धों. कर्व्यांनी १९२७ ते १९५३ हे मासिक एकहाती चालवले. १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तो वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून, आणि त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. त्यात कर्व्यांची बाजू बॅ. आंबेडकरांनी मांडली. खटला कर्वे हरले. ‘बॉम्बे दोस्त’चा इतिहास सांगताना अमेरिका-युरोपातल्या मासिकांची नावे घेतली जातात, गिरगावातल्या या मासिकाची सहसा कोणी घेत नाही.

एचआयव्हीची पहिली नोंद भारतात १९८६ साली झाली. सरकारी मोहिमांत समलिंगी पुरुषांचा विचार जवळजवळ नव्हता, कारण असे पुरुष या देशात फारसे नाहीतच असा अधिकृत समज होता. सुहेल अब्बासी, श्रीधर रंगायन आदींबरोबर राव कवींनी १९९४ साली हमसफर ट्रस्ट स्थापन केला. मुंबई महापालिकेने संस्थेला सांताक्रूझ पूर्वेला, वाकोल्यातल्या आपल्या जुन्या इमारतीत जागा दिली. कलम ३७७ लागू असताना सरकारी छपराखाली समलिंगी पुरुषांचे केंद्र चालू लागले, ही गोष्ट आजही चमत्कारिक वाटते. त्यामागे साथीच्या रोगाची भाषा होती. हक्क म्हणून जे मागून मिळाले नसते, ते आरोग्यखात्याची गरज म्हणून मिळाले. या मार्गावर टीकाही झाली. माणसाची ओळख रोगाच्या जोखमीपुरती उरते, स्त्रिया त्या आखणीत बसतच नाहीत, असे आक्षेप घेतले गेले. ते बिनबुडाचे नव्हते.

१९९४ च्याच अखेरीस मुंबईत दक्षिण आशियाई समलिंगी पुरुषांची परिषद भरली. तिला विरोध आला तो सनातनी मंडळींकडूनच नव्हे. डाव्या विचारांच्या महिला संघटनेच्या नेत्या विमला फारुकी यांनी परिषदेवर बंदी घालावी, असे पंतप्रधान नरसिंह राव यांना कळवले.

दूरचित्रवाणीवर राव कवी वारंवार दिसले आणि एकदा हे दिसणे त्यांना फार महागात पडले. मे १९९५ मध्ये स्टार वाहिनीवरील ‘निकी टुनाइट’ या गप्पांच्या कार्यक्रमात त्यांनी महात्मा गांधींविषयी अपशब्द उच्चारला. देशभर गदारोळ झाला, गांधींचे पणतू तुषार गांधी यांनी कोर्टात धाव घेतली आणि निकी बेदी यांचा तो कार्यक्रमच बंद पडला. त्यांच्या जिभेची धार चळवळीला जितकी उपयोगी पडली, तितकीच तिने नाहक भांडणेही ओढवून घेतली. गांधींवरचे ते बोलणे दुसऱ्या प्रकारातले होते.

कायद्याच्या लढाईत, समलिंगी संबंधांना गुन्हा न मानणारा दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये फिरवला. २०१८ साली कलम ३७७ विरुद्धच्या नवतेज जोहर यांच्या याचिकेबरोबर ऐकल्या गेलेल्या याचिकांत राव कवी यांचीही होती. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. राव कवी तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते.

वाकोल्यातली कामाची पद्धत पुढे महाराष्ट्रात इतरत्रही रुजली. नागपुरात सारथी ट्रस्टने आरोग्यसेवा, समुपदेशन आणि अभिमान यात्रा अशी फळी उभी केली. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांच्या समपथिक ट्रस्टने हेल्पलाइनच्या जोडीला मराठी पुस्तकांवर भर दिला. हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे. राव कवींनी लिहिले ते मुख्यतः इंग्रजीत. मराठीत हा विषय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’पासून खिरे यांच्या ‘पार्टनर’ आणि सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्ल्यू’पर्यंत स्वतःच्या वाटेने आला. मुंबईतल्या मुंबईत असूनही राव कवींचा मराठी साहित्यव्यवहाराशी म्हणावा तसा सांधा जुळला नाही.

त्यांच्या लेखनापैकी ‘द कॉन्ट्रॅक्ट ऑफ सायलेन्स’ हा आत्मपर लेख सर्वाधिक वाचला गेला. होशंग मर्चंट यांनी संपादित केलेल्या ‘याराना’ (१९९९) या संग्रहात तो आहे. भारतीय कुटुंब मुलाला हाकलत नाही, फक्त बोलू देत नाही, हा व्यवहार त्यांनी आतून पाहिला होता. रंगायन यांच्या ‘प्रोजेक्ट बोलो’ या मौखिक इतिहासमालिकेत त्यांची प्रदीर्घ मुलाखत आहे. बाकीचे बहुतेक लेखन ‘बॉम्बे दोस्त’च्या जुन्या अंकांत आणि दैनिकांच्या फायलींत विखुरलेले आहे.